पेंढ्याचा चौथा वाटा

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी बावीस वर्षं बॉयलरवर आहे. बॉयलर अटेंडंट म्हटलं की लोकांना वाटतं, हा दिवसभर आगीसमोर फावडं घेऊन उभा असणार. तसं नसतं. बहुतेक वेळ मी काचेतलं पाणी आणि काट्यावरचा दाब बघत असतो. पण त्या आगीत काय घालायचं, हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत दोनदा बदललं. मी लागलो तेव्हा फर्नेस ऑइल होतं. ते परवडेना म्हणून दगडी कोळसा आला. त्यानंतर शेतातला माल यायला लागला. भाताचं तूस, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं असं सगळं दाबून केलेल्या मनगटाएवढ्या कांड्या. आम्ही त्यांना ब्रिकेट म्हणतो. पहिली गाडी खाली झाली तेव्हा मी एक कांडी मोडून हुंगली. भातगिरणीत येतो तसाच वास होता.

आमचं गाव रोह्याला लागून असलेल्या अष्टमीच्या पुढे, नदीच्या अंगाला. दीड एकर भात आणि दोन म्हशी. वडील गेल्यावर शेतीचं सगळं आईच बघायची. मी सुट्टी काढून लावणीला आणि कापणीला उभा राहायचो, पण पिकाचं काय करायचं हे ती ठरवायची. मळणी झाली की आधी बियाणं बाजूला निघायचं. मग वर्षाचं खाण्याचं भात कणगीत. कापणीला आलेल्यांना त्यांचं भात. उरलं तर विकायचं, पण ते फार नसायचंच.

भात सडायला आम्ही अष्टमीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गिरणीत न्यायचो. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात, आणि गिरणी चालवायला ते एकटे. तांदूळ आमचा, कणी भाकरीच्या पिठाला, कोंडा म्हशींना. तूस मात्र पूर्वी कुणालाच नको असायचं. चाचा म्हणायचे, "घेऊन जा रे पोतं भरून, नायतर मला जागा करायला माणूस लावावा लागतो." लोक ते चुलीला, नाहीतर गोठ्यात ओल्यावर टाकायला न्यायचे. पुढे वीटभट्टीवाले ते उचलू लागले आणि मग ब्रिकेटवाल्यांची गाडी महिन्याला यायला लागली. तूस आमच्या हातून असं गेलं आणि कुणाला कळलंही नाही, कारण त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

पेंढ्याचं तसं नव्हतं. अंगणाच्या कडेला आई पेंढ्याची उडवी रचून घ्यायची, घराच्या पाख्यापर्यंत उंच, वरून निमुळती. त्या उडवीचे तिच्या डोक्यात तीन वाटे असायचे. मोठा वाटा म्हशींचा. पावसाळ्यात बाहेर गवत वाढेपर्यंत तो पुरला पाहिजे. दुसरा माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई पेणजवळच्या जिते गावात दिली आहे. भावोजी आधी डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटी कामाला होते, नंतर त्यांनी घरचाच गणपतींचा कारखाना धरला. पेणच्या त्या सगळ्या पट्ट्यात मूर्ती टेम्पोत भरताना खाली, मध्ये आणि बाजूंनी पेंढा लागतो. ताईचा टेम्पो एप्रिलमध्ये यायचा आणि तिचा वाटा घेऊन जायचा. तिसरा, लहान वाटा राबाचा. भाताची रोपं जिथे पेरायची ती जागा पेरणीआधी पालापाचोळा, शेण आणि पेंढा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. त्याला जुना, खालचा, कुबट झालेला पेंढा चालतो.

एका डिसेंबरात आमच्या यूटिलिटी, म्हणजे वाफ-पाणी-वीज बघणाऱ्या विभागाच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब पुण्याकडचे, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला चांगले.

"तुमच्याकडे शेती आहे ना? भाताचा पेंढा गावात किती निघत असेल?"

मी म्हटलं, "साहेब, पूर्वीसारखी गुरं राहिली नाहीत. बऱ्याच जणांचा पडून राहतो. काही जण जाळतात."

"जाळतात ना? मग आपण इथे जाळू. ब्रिकेटबरोबर थोडा थोडा घालून बघू. गावातून गोळा करायचं काम तुम्ही अंगावर घ्या."

तोवरच्या नोकरीत मला कुणी केबिनमध्ये बसवून काही विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. कोण किती देईल याची यादीही दोन दिवसांत करून दिली. यादीत पहिलं घर आमचं होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती वाल पेरून नुकतीच घरी आली होती. पायाला चिखल लागलेला.

"बॉयलरला पेंढा?" तिने विचारलं.

"व्हय. वाफ करायला."

"आणि म्हशी?"

"म्हशींना ठेवूच ना. सगळा नाय देत. पण मी आधी आपला दिला पायजे. मी लोकांना सांगतोय आणि माझ्याच अंगणात उडवी उभी, असं बरं नाय दिसत."

ती पाय धुवायला गेली. तिथून म्हणाली, "बघू. मला जरा इचार करू दे."

तिच्या विचार करण्याचे पाच-सहा दिवस गेले. साहेबांनी गठ्ठे बांधायचं यंत्र ट्रॅक्टरला लावून गुरुवारी पाठवायचं ठरवलं. बुधवारी सकाळी आई म्हणाली, मी जित्याला जाऊन येते, उद्या संध्याकाळी येईन. मी तिला स्टेशनवर सोडलं. पेंढ्याचं तिने काही काढलं नाही आणि मीही काढलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

गुरुवारी ट्रॅक्टर आला. एकच वाटा द्यायचा, असं मी आधी मनाशी ठरवलं होतं. पण यंत्र चालू झालं, दोन माणसं उडवी ओढायला लागली, शेजारचे बघायला उभे राहिले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "दादा, एवढ्यात ट्रॉली नाय भरत. परत यायला परवडायचं नाय." बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आई येईपर्यंत थांबा की." मी म्हटलं, "तो थांबणार हाय काय?" आणि ट्रॉली भरू दिली. म्हशींच्या वाट्यातला अर्धा तेवढा जागेवर राहिला. उडवीचा खालचा घेर तेवढाच होता, पण ती आता माझ्या कमरेला लागत होती.

संध्याकाळी मी आईला आणायला स्टेशनवर गेलो. वाटेत तिला सांगावं असं दोनदा मनात आलं. मोटरसायकलच्या आवाजात नीट बोलता येणार नाही, अशी सबब काढून गप्प बसलो. अंगणात उतरल्यावर तिने पिशवी हातातच धरून उडवीकडे पाहिलं.

"किती नेला?"

"अडीच वाटे."

 तिने पिशवी बायकोकडे दिली आणि म्हशींना पाणी दाखवायला गेली. ती रागावली असती तर माझी उत्तरं तयार होती. ती सगळी तशीच राहिली.

कंपनीत पेंढ्याचं काम मन लावून सुरू झालं. गठ्ठे तोडायचे, तुकडे करायचे आणि ब्रिकेटबरोबर मिसळून घालायचे. पेटायला पेंढा फार चांगला. भडकन पेटतो आणि तेवढ्यातच संपतो. पहिला आठवडा साहेब खूश होते. दुसऱ्या आठवड्यात हवा नीट खेळेना. दाब उतरायला लागला. बॉयलर थंड करून उघडला, तर जाळीवर काचेसारखी चकाकणारी काळी-हिरवी खंगरं चिकटलेली. विटांच्या भट्टीत जास्त भाजलेली वीट वितळून दिसते तशी. भाताच्या पेंढ्याची राख वितळते आणि घट्ट बसते, हे आम्हाला माहीत नव्हतं. निदान मला नव्हतं. छिन्नी-हातोडा घेऊन आम्ही तिघं दीड दिवस ती खंगरं फोडत होतो. पेंढा कमी करून पाहिला. मग खंगरं दोनाऐवजी तीन आठवड्यांनी धरायला लागली. मार्चमध्ये साहेब म्हणाले, "सध्या थांबवू. पुढच्या सीझनला बघू." उरलेले गठ्ठे आवारात ताडपत्रीखाली राहिले.

मी घरी हे सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये ताईचा टेम्पो आला नाही. मी आईला विचारलं, तर म्हणाली, "तिला लागणार नाय या साली." मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं. राबाच्या वेळी ती बायकोला घेऊन नदीकडच्या आंब्यांखालून पाला गोळा करून आली. पेंढ्याची एक काडीही तिने राबाला लावली नाही, सगळा म्हशींना ठेवला. तरी मेच्या मध्यावर उडवीच्या जागी नुसतं गोल डाग राहिलेलं अंगण होतं.

दोन म्हशींतली मोठी गाभण होती. धाकटी दुधाला होती. मी कामावरून येताना विकतचा हिरवा चारा आणायला लागलो, पण रोज मिळायचा नाही आणि मिळाला तरी दोघींना पुरायचा नाही. गावात मागायला तोंड नव्हतं, कारण गावाचा पेंढाही मीच उचलून नेला होता. कंपनीच्या आवारातले गठ्ठे आठवले. साहेबांना विचारून त्यातले चार सोडवले आणि तीनचाकी टेम्पोत घालून घरी आणले. आईने एक गठ्ठा उकलला, मूठभर पेंढा नाकाशी नेला.

"रॉकेलचा वास मारतोय याला."

"ताडपत्रीशेजारी डिझेलचे ड्रम होते."

"म्हस तोंड लावायची नाय."

लावलंच नाही. पुढच्या आठवड्यात आईने मला अष्टमीला चाचांकडे पाठवलं. गिरणीत येणाऱ्या-जाणाऱ्यांत म्हशीचं गिऱ्हाईक बघा, असा निरोप. चाचा यंत्राला तेल देत होते. तेलाचा डबा त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "कुठली काढतेय तुझी आई?"

"धाकटी."

"दुधाची?"

"दोघींना पुरवता येत नाय म्हणते. गाभण हाय तिला कशी काढायची म्हणते."

चाचांनी हात पुसले. "कोंडा घेऊन जा दोन पोती. तो तेल काढणाऱ्यांकडे जातो हल्ली, पण या महिन्यात नाही दिला तरी चालेल." ते पुढे म्हणाले, "गिऱ्हाईक बघतो. मात्र कसायाला जाणार नाही, पाळणाऱ्यालाच जाईल, हे तुझ्या आईला सांग."

नागोठण्याकडचा एक माणूस आला. त्याच्याकडे आणखी तीन म्हशी होत्या आणि ओढ्याकाठी गवत होतं, हे आईने त्याला विचारूनच घेतलं. म्हैस टेम्पोत चढेना. शेवटी आई स्वतः पुढे होऊन फळीवरून चढली आणि तिच्यामागे म्हैस चढली. आई दुसऱ्या बाजूने खाली उतरली, तेव्हा मी तिला हात दिला. तो तिने धरला आणि उतरल्यावर सोडला.

त्या साली रोपं पिवळी आली. राब हलका झाला होता, शिवाय एका म्हशीचं शेण कमी. लावणीला आम्हाला शेजाऱ्यांकडून दोन भारे रोपं आणावी लागली. भात आलं, पण नेहमीसारखं नाही.

गणपतीच्या पंधरा दिवस आधी आमची मूर्ती आणायला मी जित्याला गेलो. दरवर्षी ताईकडूनच आणतो. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईच्या टेम्पोत मूर्ती भरायचं चाललं होतं. पेंढ्याऐवजी कागदाचे तुकडे आणि फोमच्या पट्ट्या. ताई एका कोपऱ्यात बसून एका मूर्तीची बोटं जोडत होती. शेजारी तशाच आणखी पाच-सहा मूर्ती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागच्या खेपेला वाटेत हलल्या. कागद दबतो रे, मग मूर्तीला खेळायला जागा होते. पेंढा दबला तरी परत फुगतो."

"आई तर म्हणाली, तुला पेंढा लागणार नाय."

ताईने ब्रश पाण्यात बुडवला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते तिनेच ठरवलं. हिवाळ्यात ती इथे राहायला आली होती बघ. तेवढ्यासाठीच आली होती. म्हणाली, यंदा तू कागदावर भागव, तुझा वाटा त्याला देते. त्याने कंपनीत शब्द दिलाय, त्याला लोकांत खाली बघायला लागू नये."

आई कधी गेली आणि कधी परत आली, ते मी त्या क्षणी आठवत बसलो. बुधवारी आई जित्याला आली. गुरुवारी ती माझ्यासाठी एक वाटा मागून परत आली, तेव्हा मी अडीच देऊन बसलो होतो. ताईचा वाटा मला मिळणारच होता. मी त्याच्याबरोबर म्हशींचाही अर्धा आणि राबाचाही नेला होता.

"तुला तिने नाही सांगितलं?" ताईने विचारलं.

"नाय."

"मग मीही सांगितलं नाही असं समज."

पण मला ते ठेवून घेता आलं नाही. मूर्ती घरी आणून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आई तांदूळ निवडत होती, तिथे जाऊन बसलो.

"ताईने सांगितलं मला. तू जित्याला कशाला गेली होतीस ते."

"सांगणारच. तिच्या पोटात राहत नाय."

"मला आधी सांगायचं होतंस ना."

"तू थांबायचं होतंस," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. "एक दिवस तर होता."

मी तिला कंपनीत काय झालं तेही सांगितलं. खंगरं, छिन्नी, मार्चपासून पेंढा बंद. तिने सूप खाली ठेवलं. तिला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटलेलं दिसलं. ज्याच्यापायी म्हैस विकावी लागली तो पेंढा निदान कुणाच्या कामी आला असेल, असं तिने धरलं होतं.

"मग लोकांना सांगितलंस?" तिने विचारलं.

"अजून नाय."

"त्या वरच्या आळीतल्या दोन घरांनी गुरं काढलीत. पुढल्या साली सगळाच पेंढा कंपनीला द्यायचा म्हणून. त्यांना आधी सांग."

मी गेलो. साहेबांनी अजून नक्की काही सांगितलेलं नाही, असं मला म्हणता आलं असतं, पण बॉयलर मी उघडला होता आणि आत काय होतं ते मी पाहिलं होतं. पहिल्या घरात मला चहा मिळाला. दुसऱ्या घरातला माणूस माझ्याच वयाचा, आम्ही शाळेत एका बाकावर. तो ओट्यावरून उठला नाही. म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून बैल दिले मी." मी म्हटलं, "व्हय. मीच सांगितलं होतं." त्याने गोठ्यातल्या रिकाम्या दावणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "या साली मळणी झाली की पेंढ्याचं काय करू ते तूच सांग आता."

त्याचं मी उत्तर शोधलं. ताईच्या ओळखीने जोहे आणि हमरापूरकडच्या आणखी दोन गणपतींच्या कारखान्यांत विचारलं. त्यांनाही कागदाचा वीट आला होता. मळणीनंतर माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या दोस्ताने आणि मी मिळून वरच्या आळीचा पेंढा टेम्पोत भरला. यंत्राने बांधलेला त्यांना नको होता. हाताने बांधलेल्या लांब काडीच्या पेंढ्याच हव्या होत्या.  टेम्पो निघाला तेव्हा त्याने माझ्याकडे तंबाखूची डबी केली. मी खात नाही, त्याला माहीत आहे. तरी मी चिमूट घेतली.

सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. त्याने पुन्हा बैल घेतले नाहीत. भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरतो. आमच्याकडे मोठी म्हैस व्याली, पारडी झाली, ती आता दोन वर्षांची आहे. नागोठण्याला दिलेली म्हैस तिकडेच राहिली. आई एकदा एका लग्नाला तिकडे गेली होती, तेव्हा वाट वाकडी करून तिला बघून आली. अंगाने भरलीय, एवढंच तिने सांगितलं. ताईचा टेम्पो परत एप्रिलला येतो. गेल्या वर्षीपासून पेंढ्याचे वाटे आई बायकोकडून करून घेते, आणि बायको करताना मला विचारते. मी म्हणतो, आईला विचार.

बॉयलर तुसाच्या ब्रिकेटवर नीट चालतो. पेंढ्यावर प्रयोग करणारे साहेब बदलून गेले. नवीन साहेबांनी गेल्या महिन्यात मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर बांबूची दोन पेरं होती. बांधावर बांबू लावला तर चार वर्षांनी कापता येईल, त्याची राख वितळण्याची भानगड नाही, कंपनी रोपं देईल, तुमच्या गावात कोण कोण तयार होईल, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, घरी विचारून सांगतो."

त्यांना ते थोडं विचित्र वाटलं असावं. म्हणाले, "ठीक आहे, नावं तरी द्या." मी म्हटलं, नावंही विचारूनच देतो.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती आता फार चालत नाही. ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिने शेंग सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं. बांबूची सावली किती पडते, मुळं खाचरात शिरतात का, असं तिने विचारलं. मला सांगता येईना. मग ती म्हणाली, "बांधावर बांबू लावलास तर तूर कुठं लावायची?"

 येत्या रविवारी वरच्या आळीतल्या त्या माझ्या दोस्ताला घेऊन बांधावर फिरून यायचं ठरवलं आहे. साहेबांनी काल पुन्हा आठवण केली. अजून विचारतोय, असं मी त्यांना सांगितलं.